पाचशे डॉलरचे घर

अमेरिकेत पाचशे डॉलरला घर मिळते असे कोणी सांगितले तर आपल्यापैकी बहुतेक जण हसून सोडून देतील. पाचशे डॉलर म्हणजे एका बऱ्यापैकी मोबाइलची किंमत. पण ही थाप नव्हे. मिशिगन राज्यातले डेट्रॉइट शहर ज्या वेन काउंटीत येते, तिथे कर थकलेल्या घरांचा दरवर्षी लिलाव होतो. २००८ च्या मंदीनंतर कित्येक वर्षे या लिलावाच्या दुसऱ्या फेरीत बोली पाचशे डॉलरपासून सुरू होत असे, आणि बऱ्याच घरांना तेवढ्यालाही गिऱ्हाईक मिळत नसे. घरे झोपडीवजा नव्हती. पुढे ओटा, मागे अंगण, खाली तळघर, वर झोपायच्या दोन-तीन खोल्या. फक्त छप्पर गळणारे, तांब्याचे नळ चोरांनी उपटून नेलेले आणि शेजारची दोन घरे जळून काळी पडलेली.

त्याच देशात, डेट्रॉइटपासून नैर्ऋत्येला विमानाने चार तासांवर, ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात फीनिक्स शहर आहे. तिथे निवडुंगाची माळराने सपाट करून घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहत होत्या. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पाणी शेकडो किलोमीटरवरून आणावे लागते, आणि तरीही लोक तिकडेच धावत होते.

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. १९५० च्या जनगणनेत डेट्रॉइटची लोकसंख्या होती १८ लाख ४९ हजार. २०२० मध्ये ती उरली ६ लाख ३९ हजार. म्हणजे दर तीन माणसांमागे दोन कमी झाली. फीनिक्समध्ये १९५० साली १ लाख ७ हजार लोक होते, २०२० मध्ये १६ लाख ८ हजार. डेट्रॉइट एकटे नाही. ओहायोतील क्लीव्हलँड ९ लाख १५ हजारांवरून ३ लाख ७३ हजारांवर आले. मिसिसिपी नदीकाठचे सेंट लुईस साडेआठ लाखांवरून तीन लाखांवर. पोलादाचे पिट्सबर्ग पावणेसात लाखांवरून तीन लाखांवर. आणि दुसरीकडे लास वेगास पंचवीस हजारांवरून सव्वासहा लाखांच्या पुढे, ह्यूस्टन सहा लाखांवरून तेवीस लाखांवर.

साधारणपणे याचे कारण एका वाक्यात सांगितले जाते : लोक थंडीला कंटाळले, कारखाने बंद पडले, उबेच्या ओढीने ते दक्षिणेला गेले. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच.

कामामागे माणूस

डेट्रॉइट मोठे झाले ते मोटारीमुळे. हेन्री फोर्डने १९१० साली हायलँड पार्क इथे कारखाना काढला. हायलँड पार्क हे चहूबाजूंनी जवळजवळ डेट्रॉइटनेच वेढलेले एक चिमुकले स्वतंत्र शहर. १९१३ मध्ये तिथे सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडण्याची पद्धत सुरू झाली. ज्या सांगाड्याला आधी साडेबारा तास लागायचे तो दीड तासात तयार होऊ लागला. काम इतके कंटाळवाणे होते की माणसे टिकेनात, म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोजची मजुरी एकदम पाच डॉलर केली, नेहमीच्या जवळपास दुप्पट. ही बातमी जगभर गेली. पोलंड, हंगेरी, इटली, अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाची शेते, आणि तेव्हा उस्मानी सल्तनतीत असलेला सीरिया-लेबनॉनचा मुलूख, सगळीकडून माणसे डेट्रॉइटला निघाली. पुढे येमेनी आले.

याच कामगारांसाठी १९२१ साली हायलँड पार्कमध्ये, फोर्डच्या कारखान्याच्या जवळ, एक मशीद बांधली गेली. खास मशीद म्हणून उभारलेल्या अमेरिकेतल्या अगदी पहिल्या इमारतींत तिची गणना होते. ती फार वर्षे टिकली नाही. आपसांतले मतभेद होते हे खरे, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की फोर्डने आपला कारभार डिअरबॉर्नमधल्या रूज नदीकाठच्या महाकाय कारखान्याकडे हलवायला सुरुवात केली होती. काम गेले तिकडे कामगार गेला, आणि कामगार गेला तिकडे त्याची मशीदही पुन्हा उभी राहिली. आज डिअरबॉर्नच्या सुमारे १ लाख १० हजार लोकवस्तीत निम्म्याहून अधिक लोक अरब मुळाचे आहेत. हायलँड पार्कमध्ये १९३० साली ५३ हजार लोक होते, २०२० मध्ये ९ हजारही भरले नाहीत. २०११ साली या गावाने विजेचे बिल थकवले म्हणून वीज कंपनीने रस्त्यावरचे हजाराहून अधिक दिवे खांबांसकट काढून नेले. मोटारींचा पहिला सरकता पट्टा जिथे फिरला, त्या गावाचे रस्ते रात्री अंधारात बुडाले.

हायलँड पार्कची ही छोटी कहाणी नीट ध्यानात ठेवली तर डेट्रॉइटची मोठी कहाणी समजायला सोपी जाते. कारखाने पहिल्यांदा दक्षिणेला गेलेच नाहीत. ते गेले शहराच्या वेशीबाहेर. इतिहासकार थॉमस सग्रू यांनी डेट्रॉइटवरच्या आपल्या गाजलेल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की १९४७ ते १९५८ या काळात तिन्ही मोठ्या मोटार कंपन्यांनी डेट्रॉइटच्या परिसरात पंचवीस नवे कारखाने बांधले, आणि ते सगळे उपनगरांत. जुने कारखाने उभे, अनेक मजल्यांचे. नव्या यंत्रांना आडवी, ऐसपैस, एकमजली जागा हवी होती. शिवाय डेट्रॉइटमध्ये कामगार संघटना बलवान होत्या. १९४७ ते १९६३ मध्ये शहराने कारखान्यांतल्या १ लाख ३४ हजार नोकऱ्या गमावल्या. लक्षात घ्या, हा अमेरिकी मोटार उद्योगाचा सुवर्णकाळ होता. जपानी गाड्यांचे नावही तेव्हा कोणी घेत नव्हते.

कामामागे माणसे गेली, पण सगळ्यांना जाता आले नाही. इथे गोष्ट कडू होते. १९३० च्या दशकापासून सरकारी गृहकर्ज यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले होते, आणि जिथे काळे लोक राहत तो भाग लाल, म्हणजे कर्ज द्यायला धोक्याचा. डेट्रॉइटच्या उत्तर टोकाला १९४१ मध्ये एका बिल्डरने गोऱ्यांसाठी वसाहत काढली. शेजारी काळ्यांची वस्ती असल्याने त्याला कर्जाची हमी मिळेना. मग त्याने दोन्हींच्या मध्ये सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि हमी मिळाली. ती भिंत अजून उभी आहे. डिअरबॉर्नच्या रूज कारखान्यात हजारो काळे कामगार घाम गाळत, पण डिअरबॉर्नमध्ये त्यांना घर कोणी देत नसे. तिथला महापौर ही गोष्ट उघडपणे मिरवत असे.

गोरी कुटुंबे उपनगरांत गेली, त्यांच्या सोयीसाठी शहराच्या पोटातून रुंद महामार्ग काढले गेले, आणि त्या महामार्गांखाली काळ्यांचे जुने मोहल्ले, दुकाने आणि चर्च गाडली गेली. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली. त्यानंतर पळापळ वाढली खरी, पण दंगलीपासून डेट्रॉइट ओस पडू लागले हा समज चुकीचा आहे. १९५० ते १९६० या दहा वर्षांतच शहर पावणेदोन लाखांहून अधिक माणसे गमावून बसले होते.

आणखी एक आकडा आहे, जो फारसा सांगितला जात नाही. डेट्रॉइट आणि त्याभोवतीची उपनगरे मिळून लोकसंख्या १९७० च्या सुमारास जेवढी होती, आजही जवळपास तेवढीच आहे, त्रेचाळीस-चव्वेचाळीस लाख. म्हणजे प्रदेश ओसाड झाला नाही, त्याचा गाभा पोकळ झाला. पुण्या-मुंबईहून मोटार कंपन्यांत गेलेले आपले मराठी इंजिनिअर ‘डेट्रॉइटला असतो’ असे सांगतात, तेव्हा ते बहुधा ट्रॉय, नोव्हाय किंवा फार्मिंग्टन हिल्समध्ये राहत असतात. त्यांच्या मुलांच्या शाळा तिथे, गणपती तिथे, जुम्याची नमाजही तिथेच. खुद्द शहरात त्यांचे जाणे होते ते एखाद्या सामन्याला किंवा विमानतळाच्या वाटेवर.

नळ लहान होत नाहीत

शहर वाढते तेव्हा रस्ते, नळ, दिवे, शाळा वाढतात. शहर आटते तेव्हा यांतले काहीच आपोआप आटत नाही. डेट्रॉइटचे क्षेत्रफळ सुमारे ३६० चौरस किलोमीटर. त्यात वीस लाखांच्या हिशोबाने टाकलेल्या जलवाहिन्या आणि गटारे साडेसहा लाख लोकांच्या पैशातून सांभाळायची. एका गल्लीत तीस घरांपैकी चारच वसलेली असली तरी कचरागाडीला तेवढेच अंतर जावे लागते, बर्फ तेवढाच उपसावा लागतो. पैसे कमी पडले की कर वाढतो, कर वाढला की ज्याला शक्य आहे तो निघून जातो, आणि उरलेल्यांवर आणखी ओझे पडते.

या चक्राचा शेवट जुलै २०१३ मध्ये झाला. डेट्रॉइटने दिवाळे काढले. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर, अमेरिकेच्या इतिहासातले कुठल्याही शहराचे सर्वांत मोठे दिवाळे. त्या वेळी शहरातले चाळीस टक्के पथदिवे बंद होते, ७८ हजार इमारती बेवारस पडल्या होत्या आणि पोलिसांना फोन केल्यावर ते यायला सरासरी ५८ मिनिटे लागत होती. दिवाळ्यातून सुटका झाली ती निवृत्त नोकरांच्या खिशातूनही. सफाई, पाणी, कार्यालये अशा खात्यांत आयुष्य घालवलेल्यांचे निवृत्तिवेतन साडेचार टक्क्यांनी कापले गेले, महागाईवाढ थांबली, आरोग्यविम्याचा आधार तर बहुतांशी गेलाच.

त्या पाचशे डॉलरच्या घरांचे रहस्यही इथेच आहे. घरांच्या किमती कोसळल्या, पण करासाठी धरलेली किंमत महापालिकेने वेळेवर खाली आणली नाही. वीस हजारांच्या घरावर साठ हजारांचा कर. ‘डेट्रॉइट न्यूज’ या दैनिकाने २०२० मध्ये हिशोब मांडला, तेव्हा २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान साठ कोटी डॉलर जास्तीचे आकारले गेल्याचे निघाले. ज्यांना तो कर भरता आला नाही त्यांची घरे लिलावात गेली. म्हणजे एकाला घर पाचशे डॉलरला मिळाले, ते दुसऱ्याच्या डोक्यावरचे छप्पर गेल्यामुळे. जे शहर सोडून गेले त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिले जाते. मला अधिक वाईट वाटते ते राहिलेल्यांचे, ज्यांनी कर भरत, अंगणातले गवत कापत, शेजारच्या पडक्या घरावरही नजर ठेवत दिवस काढले आणि शेवटी स्वतःच रस्त्यावर आले.

डेट्रॉइटच्या वायव्येला तासाभराच्या अंतरावर फ्लिंट आहे, जनरल मोटर्सचे जन्मगाव. १९६० साली तिथे १ लाख ९७ हजार लोक होते, २०२० मध्ये ८१ हजार. पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४ मध्ये गावाचे पाणी डेट्रॉइटऐवजी फ्लिंट नदीतून घेण्याचा निर्णय झाला. नदीचे पाणी नळ खाणारे होते, आणि त्यावर करायची प्रक्रिया केली गेली नाही. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरले. ते पाणी आयांनी बाटलीत भरून बाळांना पाजले. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना जात होते आणि अधिकारी सांगत होते की पाणी ठीक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सने आपल्या इंजिनच्या कारखान्यासाठी ते पाणी घेणे बंद केले, कारण लोखंडी सुट्या भागांना गंज चढत होता. माणसांसाठी ते पुढे आणखी एक वर्ष चालू राहिले.

पंखा, कूलर आणि कालवा

आता दक्षिणेकडे वळू. फीनिक्समध्ये वर्षातले शंभराहून अधिक दिवस पारा ३८ अंशांच्या वर असतो. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या आधी उन्हाळ्यात माणसे ओल्या चादरी गुंडाळून ओट्यावर झोपत. १९३० च्या दशकात तिथे गवती जाळीवर पाणी टाकून हवा गार करणारे कूलर बनू लागले. नागपूर, अकोला, मालेगावच्या घराघरांत वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांचा जो डेझर्ट कूलर आपण पाहतो, तोच हा प्रकार. पण लाखोंचे शहर वसले ते एअर कंडिशनरमुळे. आणि गंमत पाहा : ज्या विलिस कॅरिअरने १९०२ साली आधुनिक वातानुकूलन यंत्राचा आराखडा केला, तो होता न्यूयॉर्क राज्यातल्या बर्फाळ बफेलो शहरातल्या एका कंपनीचा नोकर. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत असे आणि रंग जागच्या जागी बसत नसत, त्यावर त्याने हा उपाय काढला. बफेलोच्या इंजिनिअरने केलेल्या यंत्राने पुढे बफेलोचीच माणसे पळवली.

यंत्र हे एक कारण. दुसरे म्हणजे सरकारचा पैसा. युद्धाच्या काळात स्वच्छ आभाळ पाहून वैमानिकांच्या प्रशिक्षणाची केंद्रे आणि लष्करी कारखाने दक्षिणेत व पश्चिमेत निघाले. नद्यांवर धरणे झाली, महामार्ग झाले. तिसरे कारण कायदा. ॲरिझोनाने १९४६ सालीच असा नियम केला की कामगाराला संघटनेचे सभासद होण्याची सक्ती करता येणार नाही. मालकांच्या दृष्टीने याचा अर्थ स्वस्त मजुरी. डेट्रॉइटच्या बलवान संघटनांना टाळू पाहणाऱ्या कंपन्यांना हे आमंत्रणच होते. आणि चौथे, म्हातारपण. १ जानेवारी १९६० रोजी फीनिक्सजवळ ‘सन सिटी’ ही फक्त निवृत्तांसाठीची वसाहत खुली झाली, तेव्हा पहिल्याच दोन-तीन दिवसांत लाखभर माणसे ती पाहायला आली. शिकागो आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांतून निवृत्त झालेली जोडपी तिथे घर घेऊ लागली. आई-वडील उन्हात, मुले बर्फात, भेट नाताळला. आपल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, पण कोकणातल्या एखाद्या गावात दुपारी फेरी मारली तर दिसते तेही फार वेगळे नाही. आखाताच्या पैशाने बांधलेली मोठमोठी घरे, कुलपे लावलेली, आणि एखाद्या ओसरीवर बसलेली एकटी दादी.

पाण्याचे काय? कोलोरॅडो नदीचे पाणी फीनिक्स आणि टुसॉनपर्यंत आणण्यासाठी १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षे खपून ५४१ किलोमीटरचा कालवा खोदला गेला. वाटेत ते पाणी पंपांनी जवळजवळ पावणेनऊशे मीटर वर चढवावे लागते. अख्ख्या ॲरिझोनात एवढी वीज दुसरे कोणी वापरत नाही. नदीच्या पाण्याची वाटणी राज्यांनी १९२२ साली केली, आणि ती केली भरपूर पावसाच्या वर्षांचे मोजमाप धरून. नदीत जेवढे पाणी नाही त्याहून जास्त कागदावर वाटले गेले. अखेर २०२१ मध्ये केंद्र सरकारने पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर केली आणि पुढच्या वर्षी ॲरिझोनाच्या वाट्यातले जवळपास अठरा टक्के पाणी कापले. जून २०२३ मध्ये फीनिक्सच्या आसपास केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवानगी द्यायचे राज्याने थांबवले.

त्याच उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग एकतीस दिवस पारा ४३ अंशांच्या वर राहिला. ज्या मॅरिकोपा काउंटीत हे शहर येते, तिथे २०२३ या एका वर्षात ६४५ माणसे उष्णतेने मेली. रस्त्यावर पडलेल्या माणसांना डांबराने भाजल्याच्या जखमा होऊन रुग्णालयात आणले जात होते. मेलेल्यांत बेघर पुष्कळ होते. पण कित्येक जण घरातच मेले, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एसी होता, फक्त तो बंद पडलेला होता. पत्र्याच्या फिरत्या घरांत राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना दुरुस्तीचा खर्च झेपत नाही. २०१८ मध्ये एका वृद्ध महिलेची वीज ५१ डॉलरच्या थकबाकीसाठी तोडली गेली आणि ती उकाड्याने घरातच मृत्यू पावली. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी उन्हाळ्यात वीज तोडण्यावर बंदी आली. हायलँड पार्कचे काढून नेलेले दिवे आणि फीनिक्सच्या या बाईची तोडलेली वीज. एक आटणाऱ्या शहरातली गोष्ट, एक फुगणाऱ्या.

लोक गेले की सत्ताही जाते. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणनेनुसार प्रतिनिधिगृहाच्या जागा वाटल्या जातात. १९५० च्या जनगणनेनंतर न्यूयॉर्क राज्याला ४३ जागा होत्या, आता २६. फ्लोरिडाला ८ होत्या, आता २८. टेक्सास २२ वरून ३८ वर गेले. २०२० मध्ये न्यूयॉर्कने एक जागा अवघ्या ८९ माणसांच्या फरकाने गमावली.

रिकाम्या घरात आलेले

डेट्रॉइटच्या पोटात हायलँड पार्कला लागूनच हॅमट्रॅमक नावाचे आणखी एक चिमुकले शहर आहे, जेमतेम साडेपाच चौरस किलोमीटरचे. एके काळी ते पूर्णपणे पोलिश होते. डॉज कंपनीच्या कारखान्यात काम, कोपऱ्यावर चर्च, बेकरीत पोलिश पाव. १९३० मध्ये तिथे ५६ हजार माणसे दाटीवाटीने राहत. जानेवारी १९८० मध्ये डॉजचा कारखाना बंद झाला. जनरल मोटर्सने नवा कारखाना काढायचे कबूल केले, पण त्याला मोठी जागा हवी होती, म्हणून १९८१ मध्ये सीमेवरचा पोलटाउन हा मोहल्ला चार हजारांहून अधिक रहिवाशांना उठवून सपाट केला गेला. चर्चही पाडले. रोजगाराच्या आशेने शहराने आपल्याच माणसांची घरे मोडली, आणि कबूल केलेल्या सहा हजार नोकऱ्या पूर्ण कधी मिळाल्याच नाहीत.

पोलिश मुले उपनगरांत गेली. त्यांच्या लाकडी, एकमेकांना खेटून असलेल्या घरांत येमेनी आले, बोस्नियन आले, आणि १९९० नंतर मोठ्या संख्येने बांगलादेशी. यांतले बरेच थेट बांगलादेशातून आलेले नव्हते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात टॅक्सी चालवत, हॉटेलात भांडी घासत, दोन खोल्यांत तीन कुटुंबे राहत त्यांनी काही वर्षे काढली होती. तिथल्या दोन-तीन वर्षांच्या भाड्यात इथे अख्खे घर येत होते. एकाने घर घेतले, मेहुण्याला बोलावले, मेहुण्याने भावाला. घराचे छप्पर शुक्रवारच्या नमाजेनंतर चार जणांनी मिळून घातले, कर्ज बिरादरीतून बिनव्याजी मिळाले, तळघर भाड्याने दिले.

२००४ मध्ये अजान लाउडस्पीकरवरून देण्याचा प्रश्न आला तेव्हा वाद पेटला, मतदान घ्यावे लागले, आणि मतदारांनी परवानगी कायम ठेवली. २०१५ मध्ये नगर परिषदेत मुस्लिम सभासदांचे बहुमत झाले, अमेरिकेतले पहिले. २०२१ मध्ये येमेनमध्ये जन्मलेले आमेर गालिब महापौर झाले आणि परिषदेचे सर्व सभासद मुस्लिम निवडून आले. वर्तमानपत्रांनी या बातम्या मोठ्या दिल्या. त्यांच्या तुलनेत दुसरी बातमी लहान टाइपात आली : २०१० ते २०२० मध्ये हॅमट्रॅमकची लोकसंख्या २२ हजारांवरून २८ हजारांवर गेली होती. सभोवतालचे डेट्रॉइट त्याच दहा वर्षांत आणखी आटले होते. माझ्या मते खरी बातमी ही होती.

बफेलोतही तसेच घडले. पोलाद आणि धान्याच्या या जुन्या शहरात १९५० साली ५ लाख ८० हजार लोक होते, २०१० मध्ये २ लाख ६१ हजार उरले. मग ब्रह्मदेश, सोमालिया, इराकचे निर्वासित आले आणि न्यूयॉर्कहून बांगलादेशी कुटुंबे. महापालिकेने लिलावात काढलेली पूर्वेकडची पडकी घरे त्यांनी विकत घेऊन उभी केली, रिकाम्या पडलेल्या काही पोलिश चर्चच्या इमारतींत मशिदी आणि मदरसे सुरू झाले. २०२० च्या जनगणनेत बफेलो सत्तर वर्षांत पहिल्यांदा वाढले, २ लाख ७८ हजार. तिथले राजकारणी आता सांगतात की हवामान बदलाच्या काळात थंडगार बफेलो हेच आसऱ्याचे ठिकाण. पण डिसेंबर २०२२ च्या हिमवादळात त्याच बफेलोत आणि आसपास चाळीसहून अधिक माणसे गोठून, गाड्यांत अडकून मेली.

डेट्रॉइटचेही थोडे सावरले आहे. दिवाळ्यानंतर ६५ हजार नवे दिवे लागले, हजारो पडकी घरे पाडली गेली. १९८८ पासून भुतासारखे उभे असलेले मिशिगन सेंट्रल स्थानक फोर्डने विकत घेऊन दुरुस्त केले आणि ते जून २०२४ मध्ये खुले झाले. २०२३ च्या सरकारी अंदाजात शहराची लोकसंख्या १९५७ नंतर पहिल्यांदा वाढलेली दिसली, दोन हजारांच्या आत-बाहेर. पाचशे डॉलरची घरे आता सहज मिळत नाहीत.

हॅमट्रॅमकमध्येही घरे महागली. जी मुले तिथे वाढली, शिकली, फार्मसीत किंवा मोटार कंपनीच्या कार्यालयात लागली, ती उत्तरेला वॉरन आणि स्टर्लिंग हाइट्सकडे घर घेतात, गॅरेज मोठे, अंगण मोठे, शाळा चांगली. पोलिश मुले गेली त्याच वाटेने. आणि नव्याने आलेली कुटुंबे हॅमट्रॅमकची हद्द ओलांडून डेट्रॉइटच्या बाजूला सरकतात. कोनंट रस्त्याच्या त्या भागाला लोक ‘बांगलाटाउन’ म्हणतात. तिथे अजून एका घराआड एक मोकळा प्लॉट आहे, जिथे कधी काळी कोणा कामगाराचे घर होते. शेजारच्या बाया त्या प्लॉटवर बांबू आणि तारांचे मांडव घालतात. मिशिगनचा उन्हाळा तोकडा, म्हणून रोपे आधी घरातच खिडकीपाशी दह्याच्या रिकाम्या डब्यांत वाढवायची आणि मे महिन्यात हिमाची भीती सरली की बाहेर लावायची. ऑगस्टमध्ये त्या मांडवांवरून दुधीभोपळे लोंबत असतात.